साडूभाऊंची झाडलोट

आमच्या साडूभाऊंइतका स्वच्छ माणूस सोलापूर जिल्ह्यात दुसरा नाही, आणि त्यांच्याइतका संताप मला आयुष्यात दुसऱ्या कुणी आणलेला नाही. ही दोन्ही विधानं मी पूर्ण शुद्धीवर, डोक्यावर पंखा चालू असताना करतोय. बायकोशी भांडलो तर अर्ध्या तासात विसरतो, गिऱ्हाईक वेडंवाकडं बोललं तर चहाबरोबर गिळतो; पण साडूभाऊंची आठवण झाली की माझी कानशिलं अजून तापतात. त्यांना माझ्या ऑफिसातून मी स्वतः, चारचौघांत, आवाज चढवून घालवलं. त्याला आता वर्ष होत आलं. राग काही गेलेला नाही. तो नेमका कुणावर आहे एवढंच मधल्या काळात बदललं, आणि तेच सांगायला बसलोय.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. राहणार होटगी. वय पंचावन्नच्या आसपास, अंगावर मांस म्हणून नाही, आणि शर्टाच्या खिशात जिथं इतरांचं पेन असतं तिथं बोटभर लांबीची एक कातरी. अठ्ठावीस वर्षं त्यांनी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात चेकिंगला काढली. मागावरून उतरलेला टॉवेल टेबलावर पसरायचा, दोन्ही तळहात त्याच्यावरून फिरवायचे, सुटलेला दोरा, त्यांच्या बोलीत दशी, हाताला लागला की कच्चकन कापायचा, आणि माल चांगला असेल तर 'फ्रेश', खोट असेल तर 'सेकंड' असं म्हणून बाजूला टाकायचा, हे ते काम. पुढं कारखाना बंद पडला, टेबल गेलं, पण तळहातांची सवय जाईना. मग ते जगावरूनच तळहात फिरवायला लागले. आमच्याकडे जेवायला बसले की ताटातली शेंगाचटणी आधी बोटानं एका रेषेत आणायचे, भाकरीचा सुटलेला पापुद्रा काढून ठेवायचे आणि मग पहिला घास घ्यायचे. माझ्या मेहुणीनं सकाळपासून खपून केलेल्या पुरणपोळीला त्यांनी चार माणसांत 'सेकंड' म्हटलं, कारण कड एका अंगाला जाड होती. त्या दिवशी मेहुणीनं त्यांना नुसत्या वरणावर ठेवलं. उरलेलं वरणही त्यांनी वाटीच्या कडेनं पुसून स्वच्छ केलं.

आणि विचारणं! साडूभाऊंचं झाडणंपुसणं एक वेळ सोसलं असतं, पण त्यांचं विचारणं नको व्हायचं. कारखान्यात म्हणे एक रीत होती. टॉवेलच्या अंगावरचा दोरा चेकिंगवाल्यानं खुशाल कापावा, पण किनारीचा दोरा विणकराला विचारल्याशिवाय कापायचा नाही. किनारीचा दोरा दिसतो मोकळा, पण कधीकधी तोच अख्खी कड धरून बसलेला असतो, आणि ते ज्यानं विणलं त्यालाच ठाऊक. त्यामुळं साडूभाऊ दोरा चिमटीत धरून दिवसभर ज्याला त्याला विचारणार, "काढू का?" मोहोळला आमच्या पुतणीचं लग्न होतं. नवरदेवाच्या डोक्यामागं मुंडावळ्यांचा एक दोरा लोंबत होता. साडूभाऊ मागून गेले आणि कातरी चालवली. दोन्ही मुंडावळ्या सळ्ळकन खाली, अक्षतांच्या ताटात. नवरदेवाच्या मामांनी जो आवाज लावला तो हमरस्त्यावरच्या एसटीतही ऐकू गेला असेल. "मी इचारलं हुतं," साडूभाऊ म्हणाले, "व्हय म्हनाले की नवरदेव." नवरदेव तेव्हा फोटोवाल्याकडं बघून मान हलवत होता. त्यांच्यावर कुणीच विश्वास ठेवला नाही, आणि मी तर मुळीच नाही.

असा हा माणूस माझ्या ऑफिसात कसा आला? बायकोनं आणला. "दाजी घरात बसून अक्काचे डबे रोज उतरवून पुसतात. अक्का वेडी होईल. घ्या की त्यांना फोनवर तरी." माझं ऑफिस म्हणजे एमआयडीसीच्या तोंडाशी, एका वेल्डिंगच्या दुकानावरची खोली. मी, तिथं काम करणाऱ्या दोन मुली आणि खालून येणारा ठिणग्यांचा वास. टॉवेल-चादरीच्या कारखान्यांना लागणारे प्रोग्राम आम्ही लिहितो. गिऱ्हाइकाची ऑर्डर भरली की तिच्यावरून मागाला समजेल असं डिझाइन तयार करून द्यायचं, असली कामं. लिहायची भाषा पायथन. साडूभाऊ आले ते फोन घ्यायला. पहिल्या आठवड्यात त्यांनी फोनची वायर सरळ केली, दुसऱ्या आठवड्यात माझे खण आवरले, आणि तेव्हापासून मला माझा स्टेपलर सापडलेला नाही. तिसऱ्या आठवड्यात ते माझ्या खुर्चीमागं येऊन उभे राहिले आणि पडद्यावरचा प्रोग्राम बघत राहिले. मग त्यांनी पुढं होऊन तळहात पडद्यावर ठेवला आणि वरून खाली फिरवला.

"पाव्हणं," ते म्हणाले, "दशा लई हायत."

मी हसलो. तिथंच चुकलो. ते खरं बोलत होते. बारा वर्षं एकट्यानं लिहिलेल्या त्या फायली होत्या. ओळींच्या शेवटी न दिसणाऱ्या रिकाम्या जागा, मध्येच सहा-सहा कोऱ्या ओळी, कुणे एके काळी लिहून बंद केलेले तुकडे, आणि एका ठिकाणी तर मीच लिहून ठेवलेलं, 'हे का चालतं देव जाणे. हात लावू नये.' ते वाचून साडूभाऊंनी विचारलं, "विजेची डीपी हाय का ही, हात लावू नका म्हनायला?" दोन्ही मुली वह्यांत तोंड खुपसून हसल्या. त्यांतल्या एकीनं त्यांना ओळीच्या शेवटच्या रिकाम्या जागा बारीक ठिपक्यांच्या रूपात दाखवायची सोय चालू करून दिली, आणि माझं वाटोळं तिथून सुरू झालं. ते ठिपके बघून साडूभाऊंना जेवण जाईना. आधी एकेक ठिपका हातानं पुसायचे. मग मुलींनी सांगितलं की हे काम संगणकाकडूनच करून घेता येतं, लोक घेतात. मग त्यांनी विचारून विचारून, वहीत लिहून, होटगी ते ऑफिस स्कूटरवर पुटपुटत पाठ करून, आठ महिन्यांत पायथन शिकून दाखवलं. पंचावन्नाव्या वर्षी! मला कौतुक वाटायला हवं होतं. मला राग आला. मला ते शिकायला दोन वर्षं लागली होती.

त्यांनी लिहिलेल्या प्रोग्रामचं नाव 'झाडलोट'. रोज साडेपाचला तो आमच्या साऱ्या फायलींतून फिरायचा, ओळींच्या दशा कापायचा, सहा कोऱ्या ओळींच्या दोन करायचा, वाकडंतिकडं सरळ करायचा. साडूभाऊ शेजारी हाताची घडी घालून उभे. आणि सकाळी मी फाइल उघडली की मला माझीच फाइल ओळखू यायची नाही. स्वतःच्या पसाऱ्यात माणसाला डोळे मिटून वस्तू सापडतात. माझा पसारा यांनी आवरला आणि मी बारा वर्षं वावरलेल्या जागेत चाचपडायला लागलो. मी ओरडायचो. ते शांतपणे म्हणायचे, "आता फ्रेश झाली बगा. काल सेकंडात गेली असती." एखाद्याचं बरोबर असणं किती चीड आणू शकतं हे ज्याला साडूभाऊ नाहीत त्याला कळणार नाही.

खरी कटकट पुढं होती. पायथनच्या फाइलीत सगळ्यात वर, आपण दुसऱ्या कुठल्या फायली मदतीला बोलावल्या त्यांची नावं लिहायची असतात. बोलावलं आणि पुढं त्या नावाचा कुठंच उपयोग केला नाही, तर ती ओळ बिनकामाची. असल्या ओळी शोधायलाही साडूभाऊंनी झाडलोटीला शिकवलं. पण या वरच्या ओळी म्हणजे त्यांच्या हिशेबी फाइलीची किनार. बाकी सगळं ते न विचारता कापायचे, आणि यांच्यासाठी मात्र रोज दुपारी कागदावर यादी घेऊन माझ्या टेबलाशी हजर. "पाव्हणं, ही वापरात दिसत न्हाय. काढू का?" मी फोनवर असलो तरी उभे. मी जेवत असलो तरी उभे. एकदा मी हात धुवायला गेलो तर बेसिनपाशी उभे. दिवसाला पंधरा-वीस वेळा "काढू का, काढू का". शेवटी शेवटी तर मला झोपेत कुणी हाक मारली तरी मी "काढा" म्हणून ओरडायचो, असं बायको सांगते.

आणि मग ते टॉवेल आले. लग्नसराई होती. आमच्या प्रोग्रामवर चालणाऱ्या एका कारखान्याला आहेराच्या टॉवेलांची ऑर्डर होती, किनारीत नवरा-नवरीची नावं विणलेले. लग्नाला चार दिवस राहिलेले. सकाळी अकराला त्या कारखान्याचे मालक जिना चढून आले. धिप्पाड माणूस, श्वास लागलेला, काखेत टॉवेलांचा गठ्ठा. तो त्यांनी माझ्या टेबलावर आपटला. माझा चहा सांडला.

"वाचा!" ते म्हणाले.

"काय वाचू?"

"नाव वाचा की नवरदेवाचं! वाचून दाखवा मला! नवरी बी दिसंना, नवरदेव बी दिसंना. रात्रपाळीत सगळा लॉट असा निघाला. लोकांच्या लग्नात कोरे टॉवेल वाटू? तुमच्यापाशी प्रोग्राम हाय का तमाशा?"

टॉवेल पांढरेशुभ्र होते. किनार कोरी. मी फाइल उघडली आणि पाचव्या मिनिटाला मला कळलं. बारा वर्षांपूर्वी, टॉवेलावर नावं विणायचं काम मी 'आहेर' नावाच्या वेगळ्या फाइलीत लिहिलं होतं. आणि आळसापायी असं लिहिलं होतं की वर नुसती तिला हाक मारली की ती आपणहून कामाला लागायची, पुढं तिचं नाव घ्यायची गरजच नाही. त्यामुळं बघणाऱ्याला ती हाक फुकट वाटावी. ती हाक मारणारी ओळ फाइलीच्या वरून नाहीशी झाली होती. तिच्या जागी स्वच्छ, सुंदर, फ्रेश अशी काहीही नसलेली जागा होती.

मी उठलो. मला माझा तो आवाज आजही ऐकू येतो आणि लाज वाटते, पण तेव्हा वाटली नाही. "तुम्हाला टॉवेल आणि प्रोग्राम यातला फरक कळतो का? अठ्ठावीस वर्षं दोरे कापले म्हणून माझ्या कामाला कातरी लावायची? कुणी सांगितलं होतं तुम्हाला? उद्यापासून येऊ नका." मालक ऐकत होते. दोन्ही मुली ऐकत होत्या. खालचं वेल्डिंगसुद्धा थांबलं होतं बहुतेक.

साडूभाऊंनी एकदा मालकांकडं बघितलं, मग माझ्याकडं. "ती ओळ कुटं वापरात न्हवती, पाव्हणं," एवढंच म्हणाले. मग सांडलेला चहा पुसला. टॉवेलांचा गठ्ठा विस्कटला होता, तो घडी घालून नीट लावला. खुर्ची टेबलाखाली सारली आणि जिना उतरून गेले. मी ओळ जागच्या जागी बसवली, दोन मिनिटांचं काम. कारखान्यानं दोन दिवस माग चालवून नवे टॉवेल विणले आणि ते लग्नाला पोचले. मालक माझा हात हातात घेऊन म्हणाले, "तुमची चूक न्हवती, साहेब. माणूस चुकीचा ठेवला तुमी." मी मान डोलावली. खरंच डोलावली.

घरी बायको बोलेना. ऑफिसात मुली बोलेनात. मी आपला रागात खूश. आठ-दहा दिवसांनी वाटलं, ही झाडलोट तरी का ठेवायची, मुळापासून उपटू. म्हणून तिची जागा उघडली, तर शेजारी आणखी एक फाइल. नाव 'केर'. चेकिंगला कापलेले दोरे फेकून देत नाहीत, पोत्यात साठवून संध्याकाळी दाखवतात, कारण केरावरून माग कसा चाललाय ते कळतं, हे मला साडूभाऊंनीच कधीतरी सांगितलं होतं. आणि मी अर्थातच ऐकलं नव्हतं. झाडलोटीनं काढलेली प्रत्येक ओळ त्या केरात होती. कुठून काढली, कधी काढली, आणि पुढं साडूभाऊंच्या हातची नोंद. मी 'आहेर' शोधलं. चार दिवसांच्या चार नोंदी एकाखाली एक होत्या.

'विचारले. फोनवर होते. काढली नाही.'

'विचारले. उद्या बघू म्हणाले. काढली नाही.'

'विचारले. नावावरून कामाची वाटते, एकदा बघता का म्हटले. बघतो म्हणाले. काढली नाही.'

'विचारले. काढा म्हटलं ना, किती वेळा तेच तेच, म्हणाले. काढली.'

मला आठवेना. अजून आठवत नाही. पण आवाज माझाच होता, तो मी कुठंही ओळखीन. आणि काय सांगू, पहिला राग आला तो त्यांच्यावरच! या माणसाला तोंड नव्हतं का? पुरणपोळीला सेकंड म्हणताना होतं, मग त्या दिवशी एक वाक्य बोलायला काय झालं होतं? 'मी इचारलं हुतं', संपलं! मी तणतणत घरी गेलो आणि बायकोला सगळं सांगून हेच विचारलं. ती पोळ्या लाटत होती. लाटणं न थांबवता म्हणाली, "मालक समोर होते ना? दाजी बोलले असते तर तुमचं ते गिऱ्हाईक तिथंच गेलं असतं. त्यांनी तुमची लाज राखली. तुम्हाला त्यांची राखता आली नाही." मग मला माझा राग ठेवायला दुसरी जागाच उरली नाही. त्या मालकांना मी दुसऱ्या दिवशी फोन करून खरं काय ते सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "बरं." गिऱ्हाईक अजून टिकून आहे, पण तेव्हापासून मला ते साहेब म्हणत नाहीत.

होटगीला जायला मात्र मला तीन महिने लागले. रविवार होता. साडूभाऊ अंगणात खाट उन्हात टाकून तिच्या सुंभाच्या गाठी एका रांगेत आणत होते. दुसऱ्या एका टॉवेलच्या कारखान्यात त्यांना परत चेकिंगचं टेबल मिळालं होतं. वाटेत मी चांगली चार-पाच वाक्यं जुळवली होती, त्यातलं एक आठवेल तर शपथ.

"केर वाचला," मी म्हणालो.

"सगळा?" ते म्हणाले. "लई हुता की."

"साडूभाऊ, चुकलं माझं. परत या."

ते सुंभाची गाठ ओढत राहिले. "नको, पाव्हणं. तितं बसून तुमच्या चुका काढायच्या, त्यापरीस टॉवेल बरा. त्याला राग येत न्हाय." हे त्यांनी टोमणा म्हणून म्हटलं नाही. टोमणा असता तर मी तिथंही भांडलो असतो आणि कदाचित सगळं निभावलं असतं.

मेहुणीनं चहा आणला. तो पिताना साडूभाऊंची नजर माझ्या शर्टावर गेली. दुसऱ्या बटणापाशी एक दोरा लोंबत होता. बोलणं अर्ध्यावर सोडून त्यांनी खिशातली कातरी काढली, दोरा चिमटीत धरला आणि थांबले.

"काढू का?"

मी 'काढा' म्हणणार होतो. जीभ त्या शब्दाला इतकी सरावलेली! पण मी कप खाली ठेवला, खिशातून चष्मा काढून घातला, मान वाकवली आणि तो दोरा कुठं जातो ते बघितलं. बराच वेळ बघितलं. साडूभाऊ दोरा धरून उभे होते, त्यांना कसलीच घाई नव्हती.

"नको," मी म्हणालो, "बटणाचा आहे."

"मग ऱ्हाऊ द्या," म्हणून त्यांनी कातरी परत खिशात ठेवली.

झाडलोट मी उपटली नाही. ती आजही साडेपाचला फिरते, दशा कापते, सरळ करते. फक्त किनारीच्या ओळींपाशी आली की थांबते. यादी दाखवायला आता कुणी टेबलाशी येत नाही म्हणून मुलींनी तिला तेवढं शिकवलंय. पडद्यावर ओळ येते आणि खाली प्रश्न येतो, 'काढू का?' मी हातातलं काम ठेवतो, फोन असला तर बंद करतो, आणि ती ओळ कुठं जाते ते शेवटपर्यंत बघून मगच उत्तर देतो. कितीही वेळ लावला तरी ती थांबून राहते, आणि उत्तर दिलं की निमूट पुढं जाते. 'पाव्हणं' तेवढं म्हणत नाही.